नीट म्हणजे नाही

डच भाषेत ‘नाही’ला ‘नीट’ म्हणतात. लिहीत वेगळं असतील, कानाला मात्र आपलं नीटच ऐकू येतं. पहिल्यांदा नेदरलँड्समधल्या न्यूनेनला मुलाकडे आलो तेव्हा दुकानात, बसमध्ये, रस्त्यावर जो तो ‘नीट, नीट’ म्हणताना ऐकून मला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत! सुनेनं खरा अर्थ सांगितला तेव्हा आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग घरात तो खेळच होऊन बसला.

“बाबा, चहात साखर?”

“नीट.”

“म्हणजे घालू नको, की नीट घालू?”

हा विनोद सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याच आड लपलो.

मी चिंचवडचा. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं. बायको गेल्यापासून फ्लॅटमध्ये एकटा असतो. दर वर्षी नवरात्राच्या सुमारास व्हिसा मिळाला की मुलाकडे येतो. तीन महिने राहता येतं. उरलेलं वर्ष त्या तीन महिन्यांची वाट बघण्यात जातं. मुलाला हे मी कधी बोललो नाही, पण पुढे जे घडलं ते समजायला ते ठाऊक असायला हवं.

मुलाच्या घरी जिन्याखाली एक छोटी खोली आहे. सायकलचा पंप, रंगाचे डबे, सुटकेसेस असं काहीबाही तिथं असतं. एकदा तिथं मला एक लांब काळी पिशवी दिसली, चेनला छोटं कुलूप लावलेली. तंबोरा असेल असं वाटलं. मला आनंद झाला, सून गाणं शिकतेय म्हणून. संध्याकाळी विचारलं तर ती आधी लाजली, मग पिशवी आणून तिनं जमिनीवर उघडली. आत बंदूक होती. दुर्बीण लावलेली, लांब नळीची, लपून नेम धरणारे सैनिक वापरतात तशी.

“घाबरू नका बाबा, खोटी आहे. प्लास्टिकचे छर्रे उडतात हिच्यातून. खेळ आहे एक, एअरसॉफ्ट म्हणतात.”

“पोरांचा?”

“पोरांना हात लावायची परवानगी नाही. माझ्यासारख्या बायकांचा.”

मुलगा सोफ्यावरून म्हणाला, “रविवारी चिखलात लोळायला जाते ती. म्हशीसारखी.”

“म्हैस निदान तुझ्यासारखी घोरत नाही,” ती म्हणाली.

तिनं मला नियम सांगितले. इथे अशी बंदूक दिसायला खरीसारखी असते म्हणून कुणालाही ठेवता येत नाही. संघटनेचं सदस्य व्हावं लागतं, चांगल्या वर्तणुकीचा सरकारी दाखला द्यावा लागतो. घरात कुलपात ठेवायची, नेताना बंद पिशवीत न्यायची. बाहेरच्या कुणाच्या नजरेला ती पडता कामा नये.

आणि खेळ कसला, तर पडून राहायचा. इतर खेळाडू रानात पळापळ करतात, ही मात्र गवतात तासन्‌तास पालथी पडते, मुंगी चावली तरी हलत नाही, आणि सबंध दिवसात दोनचारदा चाप ओढते. मला काही उमगेना. सबंध आठवडा ऑफिसात राबून रविवारी हे कशाला? मी एकदा विचारलं. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, “तिथं मला कुणी काही विचारत नाही, बाबा.”

तिचं काम म्हणजे दिवसभर मीटिंगा. संध्याकाळी आईचे फोन, रात्री नवऱ्याचं काय हवं नको. मूल का नाही, हे विचारणारे तर दोन्ही देशांत. मी स्वतः दोनदा विचारलं होतं. त्या दिवसानंतर विचारलं नाही.

पुढे आमचं जमलंच. छर्रा नळीतून निघताना एक रबर त्याला उलटी फिरकी देतं, म्हणून तो सरळ जातो. रबराचा दाब जास्त झाला की छर्रा वर उडतो, कमी झाला की अर्ध्या वाटेत पडतो. हे ऐकल्यावर माझ्यातला कारागीर जागा झाला. छर्रा भरायला बोल्टचा दांडा मागे ओढताना कुठेतरी खरखर लागत होती. मी बोल्टची नळी बारीक पॉलिश पेपरनं घासून दिली. तिनं बोल्ट ओढून पाहिला, परत ओढला, आणि कान लावून म्हणाली, “लोणी झालं हो, बाबा!” कारखान्यात साहेबांनी इतक्या वर्षांत मला असं कधी म्हटलं नाही.

मग मी तिचा कोटही केला. गवतात मिसळून जायला जाळीवर दशा बांधलेला कोट लागतो. विकतचा हिरवा फार भडक होता. मी गोणपाट उसवून, चहाच्या पाण्यात बुडवून, एकेक दशी जाळीला गाठ मारून बांधली. आम्ही त्याला झिपऱ्या म्हणायचो. झिपऱ्या घालून ती मागच्या अंगणात पालथी पडली तेव्हा मुलानं खिडकीतून विचारलं, “बाबा, ती कुठे गेली?” आणि अंगणातलं गवत खुदकन हसलं.

बंदुकीच्या पिशवीच्या कुलपाची चावी ती डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. बंदुकीची साफसफाई मी करायचो म्हणून तिनं मला ती जागा दाखवली. नियमाप्रमाणे तिनं ती दाखवायला नको होती.

या खेळातली एक गोष्ट मला फार आवडली होती. छर्रा लागला की अंगावर काही खूण राहत नाही. दूरवरून पंचालाही कळत नाही. ज्याला लागला त्यानंच हात वर करायचा, “हिट” म्हणायचं आणि बाहेर जायचं. मी म्हटलं, “आणि नाही केला तर?”

“तर काही नाही. खेळत राहायचं.” मग ती म्हणाली, “पण अशा माणसाला पुढच्या वेळी चहा कुणी विचारत नाही.”

आता खंडेनवमीचं सांगतो.

कारखान्यात खंडेनवमीसारखा सण नव्हता. यंत्रं धुऊनपुसून, ऑइल लावून, त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी लेथ चालवायचा नाही, फक्त त्याला हळदकुंकू वाहायचं. पहिल्या पाळीतच पूजा व्हायची. निवृत्तीनंतरही मी घरात पक्कड, पाने, विळी मांडून पूजा करत आलो. त्या वर्षी खंडेनवमी कामाच्या दिवशी आली. सकाळी सून सायकल काढत होती. मी म्हटलं, “आज तुझी बंदूक पुजायची हं.”

“पुजू ना! पण संध्याकाळी, मी आल्यावर. आणि वरच्या खोलीत. ऐकताय ना, बाबा?”

“ऐकलं.”

मी नीट ऐकलं होतं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण आजवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

ती गेली. मुलगाही गेला. मी झेंडूची कुंडी आणून ठेवली होती, तिच्या फुलांची माळ करून झाली. पंप, पेचकस, सुरी, मुलाचा जुना लॅपटॉप सगळं मांडून झालं. घड्याळात बघितलं, कारखान्यात एव्हाना नारळ फुटला असता. जुन्या मंडळींचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळपासून फोटो येत होते. कुणाची रिक्षा, कुणाच्या नातवाची ड्रिल मशीन. मला वाटलं, माझ्या फोटोला तोड नसेल. लाडवांचा डबा उघडला.

वरच्या खोलीत उजेड नव्हता. खाली पुढच्या खोलीत होता. या देशात घराची पुढची खिडकी भिंतीएवढी असते आणि तिला पडदे लावत नाहीत. सुरुवातीला मला ते दुकानाच्या शोकेसमध्ये बसल्यासारखं वाटायचं. पुढे इतकी सवय झाली की खिडकी आहे हेच विसरलो. खिडकीसमोरच्या टेबलावर मधोमध बंदूक ठेवली, नळीवर माळ घातली, दुर्बिणीला कुंकू लावलं. फोटो काढला, पाठवला. पाठोपाठ अंगठे आणि नमस्कार यायला लागले. एकानं लिहिलं, “जावयाची का?” मी लिहिलं, “सुनेची.” त्यावर तर फारच अंगठे आले.

मग बेल वाजली. दारात पोलीस होते, रस्त्यावर आणखी एक गाडी. त्यातल्या उंच पोलिसानं इंग्रजीत ओरडून हात वर करायला सांगितलं. मी केले. माझी बोटं कुंकवानं लाल झाली होती. ती पाहून त्याच्याबरोबरची पोलीस बाई एकदम मागे सरली. मी “कुंकू, कुंकू” म्हणत राहिलो. बोटं हलवून दाखवायला गेलो तर कुंकू माझ्या चष्म्यावर उडालं.

खोटी बंदूक आहे हे त्यांना लवकरच कळलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणीसुद्धा दिलं. सुनेला फोन झाला. ती सायकल दारातच आडवी टाकून धापा टाकत आत आली. उंच पोलिसानं तेव्हा माझ्याकडे बघून सावकाश विचारलं, “तुम्ही? तुम्ही बाहेर काढली?”

मी उत्तर दिलंच नाही. मी सुनेकडे वळलो आणि घाबरून मराठीत म्हणालो, “नीट ठेवतो गं. आत्ता नीट ठेवतो.”

पोलिसानं मान डोलावली. वहीत लिहिता लिहिता तो त्या बाईला म्हणाला, “नीट.”

त्याला ‘नाही’ ऐकू आलं होतं. मला ते तत्क्षणी कळलं. तिलाही कळलं, तो आमचाच विनोद होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दार उघडं ठेवून माणूस मागच्याची वाट बघतो ना, तसं. मला एवढंच म्हणायचं होतं, “नो सर, मी काढली.” तेवढं इंग्रजी मला येतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सदस्य नसलेल्या माणसानं बंदूक हाताळली, म्हणजे गुन्हा. गुन्हा, म्हणजे पुढच्या वर्षी व्हिसा नाही. म्हणजे चिंचवडचा फ्लॅट, आणि बाराही महिने.

मी माझ्या लाल बोटांकडे बघत बसलो.

मग ती डचमध्ये बोलायला लागली. सकाळी मीच काढून ठेवली, सासऱ्यांनी फक्त फुलं वाहिली, आमचा सण असतो, असं काहीसं. पोलीस बंदूक घेऊन गेले. माळ त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

पोलिसांनी ताकीद देऊन सोडून दिलं. संघटनेनं मात्र तिचं सदस्यत्व काढून घेतलं. जाणूनबुजून खिडकीत बंदूक ठेवणाऱ्या माणसाला खेळू कसं देणार?

त्या संध्याकाळी समोरच्या घरातली आजी सफरचंदाचा केक घेऊन आली. दारातच उभी राहून म्हणाली की फोन मीच केला, मी घाबरले होते, आणि उद्या तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. सुनेनं तिला आत बोलावून चहा दिला. त्या दोघींची आजही मैत्री आहे. मी तो केक खाल्ला.

मुलगा घरी आला आणि तिच्यावर भडकला. “अक्कल आहे का तुला? म्हातारा माणूस एकटा घरात, आणि तू बंदूक टेबलावर टाकून जातेस? बाबांना काही झालं असतं तर?” मी शेजारच्याच खुर्चीत होतो. ती माझ्याकडे न बघता कणीक मळत राहिली. पोलिसांसमोर मी भ्यालो, ते एकवेळ समजू शकतो. इथे तर फक्त माझा मुलगा होता.

मी मनाशी म्हणायचो, मी खोटं कुठे बोललो? मी ‘नीट’ म्हणालो. त्यांनी काय ऐकलं त्याला मी काय करू? पुढच्या वर्षी व्हिसा मिळाला, त्याच्या पुढच्याही वर्षी. जवळच्या आइंडहोवनच्या मराठी मंडळात दिवाळीला ती गोष्ट दर वेळी निघायची. “या आल्या झाशीच्या राणी!” “वहिनी, खिडकीत या वर्षी काय, तोफ का?” एक बाई तर माझ्या ताटात चिवडा वाढताना म्हणाल्या, “काका, तुमचं नशीब हो, वाचलात.” सून सगळ्यांबरोबर हसायची. मी चिवडा खायचो.

रविवारी ती घरी असायची. कपड्यांच्या घड्या घालायची, फोनवर आईशी बोलायची, लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. झिपऱ्यांचा कोट तिनं टाकला नव्हता. एकदा ती कपाटाशी उभी राहून त्याच्या दशा बोटांनी विंचरत होती. मला बघितल्यावर तिनं कपाट लावलं आणि विचारलं, “बाबा, चहा?” ती मला रोज चहा विचारायची. एक दिवसही चुकवला नाही. तेच मला सोसेना.

या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी जेवायला बसलो होतो. मुलगा सहज म्हणाला, “बाबा, पूजा झाली का? आता काही भीती नाही, बंदूकच नाही घरात.” आणि तिच्याकडे बघून हसला. त्यात वाईट हेतू नव्हता.

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा, सरळ.

मुलाला वाटलं, मला पोळी हवी आहे. पण सुनेनं चमचा खाली ठेवला. “बाबा, नको,” ती हळूच म्हणाली.

“हिट,” मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. डब्यातली चावी, सकाळी तिनं बजावलेलं, ग्रुपवरचा फोटो, ‘नीट’, व्हिसा. चिंचवडच्या फ्लॅटचंही सांगितलं, ते सांगायचं ठरवलं नव्हतं तरी.

मुलानं ताट पुढे सारलं. मग तिला म्हणाला, “तू का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? तू ओरडलास.”

तो उठला, तिच्या मागे गेला, आणि काय करावं हे न सुचून तिच्या ग्लासात पाणी भरायला लागला. ग्लास आधीच भरलेला होता. पाणी टेबलावर सांडलं.

“मला कसली शिक्षा करायची ते दोघं ठरवा,” मी म्हणालो.

“शिक्षा कसली, बाबा,” ती टेबल पुसत म्हणाली. “पण मला वाट बघायला लावलीत हो तुम्ही.” तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तू खेळायचीस त्या क्लबच्या माणसाकडे मला घेऊन चल. ती नको म्हणाली, आता काय उपयोग म्हणाली, आणि शेवटी खरं ते बोलली, “तुमच्या व्हिसाचं काही झालं तर?” मी म्हटलं, “तो माझा प्रश्न. तुझे रविवार मी पुष्कळ खाल्ले.”

क्लब चालवणारा माणूस माझ्याहून थोडाच लहान असेल. पांढरी दाढी, हातावर ऑइलचे डाग. ते डाग बघून मला धीर आला. मी इंग्रजीत सांगितलं, अडलं तिथं सुनेनं मदत केली. ‘नीट’ची गंमत सांगितल्यावर तो हसला नाही. त्यानं मला पुन्हा एकदा तेच विचारलं, बहुधा मुद्दाम, डचमध्ये आणि अगदी सावकाश. तिनं बाहेर ठेवली नव्हती?

“नीट,” मी म्हणालो. “ती नीट. मी.”

तो म्हणाला, हे सगळं संघटनेला कळवावं लागेल, पुढे ते कुणाला कळवतील ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, कळवा. मग तो सुनेला म्हणाला की चावी सासऱ्याला दाखवली ही तुझी चूक आहेच, आता आकड्यांचं कुलूप घे आणि आकडे या गृहस्थांना सांगू नकोस. ती म्हणाली, “नीट सांगते,” आणि आम्ही दोघंच हसलो. त्याला काही कळलं नाही.

सदस्यत्व परत मिळायला वेळ लागला. माझा मुक्काम संपत आला तेव्हा मिळालं. क्लबमधल्या कुणाची तरी जुनी बंदूक तिनं घेतली आहे. तिचा बोल्ट खरखरतो, मला माझ्या खोलीतूनसुद्धा ऐकू येतं, पण मी आता हात लावत नाही. पुढच्या वर्षी व्हिसा मिळेल की नाही, ठाऊक नाही. न मिळाल्यास सुट्टीत चिंचवडला येऊ, असं मुलगा म्हणतो. तसं तो आधी कधी म्हणाला नव्हता. मीही कधी बोलावलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिनं मला रानात नेलं. कडाक्याची थंडी होती. खेळाडूंच्या बसायच्या जागेत बाकावर मी चहाचा थर्मास घेऊन बसलो, छर्ऱ्यांपासून बचावाचा सक्तीचा जाड चष्मा लावून. झिपऱ्यांच्या दशांवर मी आदल्या दिवशी वाळकं नेचं बांधून दिलं होतं. ती झाडांत शिरली, आणि थोड्या वेळानं नुसती झाडं राहिली.

बऱ्याच वेळानं एक दांडगा मुलगा हात वर करून रानातून बाहेर आला. लागलं होतं त्याला. माझ्याशेजारी बसून त्यानं रानाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ती दिसतेय का तुम्हाला?

मी डोळे ताणून सगळीकडे पाहिलं. नेचं, वाळकं गवत, ओल्या फांद्या. कुठेच काही हलत नव्हतं.

“नीट,” मी म्हणालो, आणि त्याला चहा विचारला.